आधी शून्य बघा

वडिलांनी भोसरी एमआयडीसीत बत्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला काढली. आता ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात नातवाचं नाव त्यांना आठवेना. त्याच दुपारी कपाटातला जुना मायक्रोमीटर हातात दिला. त्यांनी आधी कागदाचा कपटा मागितला, मायक्रोमीटरच्या तोंडात हलकेच धरला, ओढून काढला. रॅचेट तीनदा टिकटिकलं. शून्य बघितलं आणि मगच म्हणाले, "जॉब दे."

हातांची स्मृती मेंदूत वेगळ्या जागी असते. ती बरीच उशिरा जाते.

*

एमआरआयच्या नळीतून बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : "प्रेस शॉपला नाइट शिफ्ट चालू आहे का?"

*

रिपोर्टमध्ये एकच ओळ. वयानुसार मेंदू आकसला आहे. किती, कुठे, काही नाही. वडील कामावर असते तर असा रिपोर्ट त्यांनी परत पाठवला असता.

न्यूरॉलॉजिस्टांनी मात्र फिल्म उजेडावर धरली आणि बोट ठेवलं. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ग्रीकमधलं हे नाव. नवी आठवण आधी तिथे नोंदली जाते, आणि अल्झायमर्समध्ये झीज सुरू होते तीही त्याच भागात. बाजूची काळी फट किती रुंदावली, हिप्पोकॅम्पसची उंची किती उतरली, हे नुसत्या डोळ्यांनी पाहून 0 ते 4 गुण द्यायची पद्धत डच डॉक्टर फिलिप स्खेल्टन्स यांनी 1992 साली मांडली. पंचाहत्तरीच्या आत 2 म्हणजे काळजीचं. वडिलांचे उजवीकडे 2, डावीकडे 3.

*

एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण 3 घन सेंटिमीटरचा. निरोगी म्हातारपणात तो वर्षाला एक-दीड टक्का घटतो, अल्झायमर्समध्ये चार-पाच टक्के. म्हणजे वर्षाला तीनेक मुगाच्या दाण्यांएवढा. एवढीशी झीज पकडायची तर मशीन तेच हवं, सेटिंग तेच हवं, डोकंही हलता कामा नये. एका गेजने काल मोजलं, दुसऱ्याने आज, आणि फरक जॉबचा म्हणून सांगितला, तर शॉप फ्लोअरवर कुणी ऐकून घेईल का?

*

मोजमाप कशाशी ताडायचं हाही प्रश्न आहे. जगभर वापरला जाणारा प्रमाण-नकाशा माँट्रियलचा, 152 जणांच्या मेंदूंची सरासरी काढून केलेला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 100 भारतीयांच्या एमआरआयवरून आपला नकाशा तयार केला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने आकाराने लहान दिसला. ताडायचा मास्टर पीसच परका असेल तर चांगला जॉबही रिजेक्ट होतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूंची मापं भरपूर जमवायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

*

आकार म्हणजे सगळं नव्हे. मेंदू आकसलेला असूनही हिशेब चोख ठेवणारी माणसं असतात. उलट विसराळूपणा बी-12च्या कमतरतेने येतो, थायरॉइडने येतो, पडल्यावर डोक्यात साकळलेल्या रक्तानेही येतो, आणि यांवर उपचार आहेत. साकळलेलं रक्त तर स्कॅनमध्ये सरळ दिसतं. म्हणून "साठी बुद्धी नाठी" असं म्हणत घरी बसवून ठेवणं मला चूक वाटतं.

*

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत 1954 साली आली, पुढे टेल्को, बजाज. त्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मुलं चाकणला कामाला, हाफ डे टाकून त्यांना तपासणीला आणतात. साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्क्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. त्यात आपले शेजारी आहेत.

*

तेव्हा एवढं करा. स्कॅन सांगितला तर एक मिलिमीटरचे पातळ छेद घेणार का, ते आधी विचारा. नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या, तारीख घाला आणि पीएफच्या कागदांच्या फाइलीत ठेवा. पुढच्या वेळी त्याच सेंटरला जा. पहिलं माप हरवलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही.