दोन पत्रे

आमच्या घराण्यात नोकरीची दोन पत्रे एकाच आठवड्यात येण्याचा योग आजवर दोनदाच आला. पहिल्यांदा तो माझ्या वाट्याला आला, १९८६ साली. एक पत्र साताऱ्याच्या शाळेचे होते, दुसरे मुंबईच्या. मी साताऱ्याचे घेतले आणि 'आबांचे वय होत चालले' असे कारण सगळ्यांना सांगितले. आबा त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि कुंभार्ली घाटातून रोज एसटी हाकीत होते!

दुसऱ्यांदा हा योग आला तो गेल्या वर्षी, ऐन दिवाळीत, आणि माझ्या भाचीच्या वाट्याला. ती सांगलीची. पत्रेही आता टपालाने येत नाहीत, फोनवर येतात. परंतु दोन पत्रे हातात आली की माणसाची झोप उडते, त्यात काही फरक पडलेला नाही. तिच्या पत्रांत तर उडण्याचीच भाषा होती. दोन लहान विमान कंपन्यांनी तिला सहवैमानिक म्हणून बोलावले होते.

या पत्रांपर्यंतची वाट सोपी नव्हती. आमचे दाजी हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितात. मुलीला वैमानिक व्हायचे आहे हे कळल्यावर त्यांनी आधी आठ दिवस मौन पाळले आणि नवव्या दिवशी राहते घर बँकेकडे गहाण टाकले. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते, आणि त्या प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. परवाना हाती आला, आणि पुढे दोन वर्षे कोठूनही बोलावणे नाही! पोरगी घरी बसून शेजारच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवीत राहिली. भेटेल तो विचारी, "काय गं, उडतेस कधी?" हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता येत होता. बँकेला वाऱ्यापावसाची अडचण नसते.

भाऊबीजेला मी आणि आबा एसटीने सांगलीला निघालो. बरोबर कंदी पेढ्यांचा पुडा. आबांना निवृत्त होऊन किती वर्षे झाली, तरी ते एसटीत बसले की त्यांचा उजवा पाय अजून अधूनमधून ब्रेक दाबतो. कऱ्हाड आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "आबा, इथे विमानाची धावपट्टी आहे, ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "मला काय सांगतोस? कोयनेच्या धरणासाठी केली ती. पंचावन्न साली."

खरेच आहे ते. कोल्हापूरला तर राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ सालीच विमानतळ झाला. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ व्हावा, ही मागणीही जुनीच. परंतु आजही सातारकराला किंवा सांगलीकराला प्रवासी विमानात बसायचे तर आधी पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागते. ज्या गावावरून विमान नुसते जाते, त्या गावच्या पोरीने ते चालवावे, याची मला त्या दिवशी पेठ नाका येईपर्यंत मोठी मौज वाटत राहिली.

घरी पोहोचलो तर दाजी वही उघडून बसलेले. बंद पडलेल्या विमान कंपन्यांची त्यांनी चक्क खतावणी मांडली होती! महायुद्धानंतर जुनी डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली तशा देशात कंपन्याच कंपन्या उभ्या राहिल्या, आणि १९५३ साली सरकारने ज्या उरल्या त्या ताब्यात घेतल्या, इथपासून त्यांची सुरुवात होती. पुढे लहान गावांसाठी काढलेली वायुदूत : १९८१ ला जमा, १९९३ ला खर्ची. किंगफिशर, २०१२. जेट एअरवेज, २०१९. गो फर्स्ट, २०२३. "भाऊ," दाजी मला म्हणाले, "अडत्याचं दुकानसुद्धा इतक्या लवकर बुडत नाही." 'उडान' योजनेचेही त्यांनी टिपून ठेवले होते : २०१७ साली शिमला-दिल्ली हे पहिले उड्डाण झाले, तोट्यातल्या मार्गाला सरकार अनुदान देते, पण ते तीन वर्षांपुरते. "आणि चौथ्या वर्षी?" असे त्यांनी समासात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

आता दोन्ही पत्रांचा मजकूर सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. पहिल्या कंपनीचा पगार जास्त, मुक्काम दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात. मिरजेहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी पोहोचावे इतका जवळ. दुसरीचा पगार कमी, आणि मुक्काम दूर ईशान्येला. तिथे डोंगर, पाऊस आणि लहान लहान धावपट्ट्या. दोन्हीकडे विशिष्ट विमानाचे शिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते कंपनीच देणार. आणि त्याबदल्यात काही वर्षे नोकरी सोडायची नाही असे लिहून घेणार. विमाने दोन्हींची पंख्याचीच.

या पंख्यावरून शेजारच्या काकूंनी फार हळहळ व्यक्त केली. "अगं, एवढं शिकून पंख्याचं विमान? जुनंपुराणं?" भाचीने त्यांना फराळाचे ताट हातात देऊन समजावले की, पंखा बाहेरून दिसतो म्हणून ते जुने नव्हे, आत त्याला फिरवणारे इंजिन जेटच्याच जातीचे असते. जवळच्या पल्ल्याला ते कमी इंधन खाते आणि आखूड धावपट्टीवर उतरते. म्हणून तर लहान गावांना तेच परवडते. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर कॅप्टन सौदामिनी देशमुखांचा फोटो आहे. १९८५ साली कलकत्त्याहून सिल्चरला त्यांनी विमान नेले, सहवैमानिक निवेदिता भसीन. कॉकपिटमध्ये दोघीही स्त्रिया, असे आपल्या देशात प्रथमच घडत होते. ते फोकर विमानही पंख्याचेच होते. काकूंनी फोटो पाहिला, चकली मोडली आणि विषय बदलला.

मी गणिताचा मास्तर. गोंधळ दिसला की मला तक्ता आखण्याचा मोह आवरत नाही. पगाराला तीस गुण, कंपनीच्या टिकाऊपणाला पंचवीस, उड्डाणाच्या तासांना पंचवीस. कारण पुढे कॅप्टनच्या परवान्यासाठी दीड हजार तास लागतात, ते जिथे लवकर भरतील ते बरे. उरलेले वीस गुण मी 'घराजवळ' या रकान्याला दिले. बेरीज केली. पहिली कंपनी एकाहत्तर, दुसरी चौसष्ट. मी पेन खाली ठेवले. गणित सुटल्यावर जो एक आनंद असतो, तो माझ्या चेहऱ्यावर असावा.

भाची तक्ता बराच वेळ पाहत राहिली. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हा रकाना माझा नाही. हा तुमचा आहे."

मी काय बोलणार? १९८६ सालचा रकाना होता तो. अडतीस वर्षांनी मी तो तिच्या कागदावर उतरवून ठेवला होता, आणि वर त्याला गणित म्हणत होतो.

"मग तुझा रकाना कुठला?" मी विचारले.

ती लगेच बोलली नाही. पणत्यांत तेल घालीत राहिली. मग म्हणाली, "मला भीती कशाची वाटते सांगू? विमानाची नाही, वाऱ्याचीही नाही. कॅप्टन डावीकडे बसतो, मी उजवीकडे बसणार. त्याचे दहा हजार तास, माझे दोनशे. त्याचं चुकतंय असं मला दिसलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, तर?"

तिने मग एक गोष्ट समजावून सांगितली. विमान उतरताना वेग जास्त वाटला, उंची जास्त वाटली, वाऱ्याने हिसका दिला, तर उतरण्याचा हट्ट धरायचा नसतो. यंत्राला जोर द्यायचा, पुन्हा वर जायचे, एक फेरी मारून नव्याने यायचे. 'गो अराउंड' म्हणतात त्याला. हे शब्द उजव्या खुर्चीनेही उच्चारायचे असतात. मंगळूरला २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून खाली दरीत गेले. १६६ माणसांतली १५८ गेली. सहवैमानिकाने वर चला, वर चला असे तीनदा सांगितले होते, असे चौकशीत निघाले.

पणत्या लावायच्या राहिल्या. बहीण दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला. सणाच्या दिवशी हा विषय निघायला नको होता असे मला वाटले, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आबांचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येते असा आमचा समज आहे.

"म्हंजे कंडक्टरची घंटी," आबा म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो.

"एक घंटी म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. एक घंटी झाली की ब्रेक. का, ते मागनं इचारायचं." आबा जरा थांबले. "मी नवीन होतो तवा एका पोरावर डाफरलो होतो. फुकटची घंटी दिली म्हणून. भर गाडीत बोललो. त्या दिवशी मुक्कामाला पोचेपर्यंत त्या पोरानं परत घंटीच दिली नाही. प्याशिंजर वरडायला लागले तवा गाडी थांबायची. रात्री मला झोप नाही. म्हटलं, ही गाडी आता आंधळी झाली."

आणि मग त्यांनी कुंभार्लीतली ती रात्र सांगितली, जी आम्ही कधीच ऐकली नव्हती. पाऊस, धुके, समोरून ट्रक. त्याला वाट द्यायला आबा गाडी मागे घेत होते. आबांची नोकरी वीस वर्षांची, कंडक्टरची सहा महिन्यांची. एक घंटी झाली. आबांच्या हिशेबाने मागे अजून चार हात जागा होती. तरी पाय ब्रेकवर गेला. उतरून बघतात तो, पावसाने रस्त्याची कड खचलेली आणि मागचे चाक दरीपासून हातभर.

"अक्कल माझी न्हवती," आबा म्हणाले. "घंटी द्यायला त्या पोराला भ्या वाटलं नाही, एवढंच. पोरी, पगार-बिगार मला कळत नाही. कुठल्या डेपोत घंटी ऐकत्यात, ते बघ."

दुसऱ्या दिवशी भाचीने दोन फोन केले. दोन्ही कंपन्यांत तिच्या ओळखीची, तिच्याआधी शिकून गेलेली मुले होती. दोघांना तिने एकच प्रश्न विचारला : तू कधी 'गो अराउंड' म्हणालास का, आणि पुढे काय झाले? पहिल्या कंपनीतला मुलगा म्हणाला, "तशी वेळच येत नाही गं. आमचे कॅप्टन फार अनुभवी आहेत." दुसरा म्हणाला, "दोनदा. एकदा माझंच चुकलं होतं, गरज नव्हती. कॅप्टननी खाली उतरल्यावर चहा पाजला आणि म्हणाले, पुन्हा वाटलं तर पुन्हा सांग."

तिने फोन ठेवला आणि ईशान्येचे पत्र उचलले.

आता हे सारे लिहायला सोपे आहे. त्या घटकेला दाजींचा चेहरा मी पाहत होतो. कमी पगार म्हणजे काय, ते त्या घरात त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांनी वही ओढली, बराच वेळ आकडेमोड केली आणि म्हणाले, "घर सुटायला तीन वर्षं जास्त लागतील." मग टोपण लावून पेन खिशात अडकवले. "लागू देत." एवढेच. बहिणीने मला ओवाळले तेव्हा तिचा हात थरथरत होता. निरांजनाची ज्योत मी जरा सांभाळून घेतली.

परतीच्या गाडीत मी आबांना विचारले, "तो पहिला पोरगा, ज्याला तुम्ही बोललात, त्याचं पुढं काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत त्याची माफी मागितली," ते म्हणाले. "चारचौघांत. बोललो होतो चारचौघांत, म्हणून." आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आले. भाची तिकडे रुळली आहे. तिथे दुपारी साडेचार-पाचलाच अंधारू लागते आणि भडंग कुठे मिळत नाही, एवढ्या तिच्या दोनच तक्रारी. दिवसाला चार-चार उड्डाणे, चार-चार उतरणी. या भाऊबीजेला तिला रजा नाही. सांगलीच्या घरात या वेळी फराळ उरणार.

परवा रात्री तिचा फोन आला. मी तो आबांच्या कानाशी धरला.

"आबा, आज मी घंटी दिली."

"मग?"

"कॅप्टननी लगेच वर घेतलं. फेरी मारून पुन्हा उतरलो. दहा मिनिटं उशीर झाला, लोक कुरकुरले."

"कुरकुरू देत. का म्हणून त्यानं इचारलं का?"

"विचारलं. खाली उतरल्यावर."

आबांनी फोन माझ्या हातात दिला, पाय लांब केले आणि मला म्हणाले, "दिवा मालव. झोपू आता."