एव्हरेटचा विमान कारखाना पाहिला



२०२४ च्या उन्हाळ्यात मी दीड महिना अमेरिकेत मुलाकडे राहून आले. मुलगा, सून आणि दोन नातवंडं सिअॅटल शहराजवळ राहतात. तिथं पाहण्यासारखं पुष्कळ आहे. समुद्र आहे, बर्फाचे डोंगर आहेत. पण मी इथूनच फोनवर मुलाला सांगून ठेवलं होतं, "बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल, विमानांचा कारखाना तेवढा दाखव."

मुलाला नवल वाटलं. कारण सांगते.

आमचे हे मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९७१ साली आम्ही इस्रायलला आलो. उलपान संपल्यावर, १९७२ मध्ये, त्यांना लोदच्या तअसिया अवीरितमध्ये काम लागलं. पत्र्याचं काम. विमानाच्या पत्र्यांना रिवेट मारायचं. पहाटे पाचला बस यायची. मी साडेचारला उठून डबा भरायची. अठ्ठावीस वर्षं डबा भरला, पण तो डबा घेऊन जाणारा माणूस दिवसभर आत काय करतो, ते मी कधी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "विमानाचं काम. दुसरं काय?" झालं. बोलण्याची सवयच नव्हती त्यांना.

आणखी एक सवय होती. जेवण झालं की बोटाने टेबलावर दोनदा टक टक करायचे आणि उठायचे. मला वाटायचं, ताट उचल म्हणून खुणावतात. फार राग यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मी काय हॉटेलातला पोऱ्या आहे का? तोंडाने सांगायला काय होतं?" ते नुसते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टक टक. २०१५ साली ते वारले. ही गोष्ट इथंच ठेवते, पुढे तिचं काम आहे.

तर एका सकाळी आम्ही गाडीने निघालो. एव्हरेट हे गाव सिअॅटलच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. बोइंग कंपनीचा कारखाना तिथल्या पेन फील्ड विमानतळाला लागून आहे. लोकांना कारखाना दाखवण्याची सोय शेजारच्या मुकिल्टिओ गावातल्या इमारतीतून होते. २०२० साली करोनामुळे ही सहल बंद पडली होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तिकीट मुलाने आधीच काढून ठेवलं होतं.

आत जाण्याचे नियम कडक. फोन नाही, कॅमेरा नाही, पर्स नाही, पिशवी नाही. सगळं कपाटात ठेवून किल्ली खिशात घ्यायची. माझा चष्मा तेवढा नाकावर राहिला! आणि मुलांची उंची कमीत कमी चार फूट, म्हणजे १२२ सेंटिमीटर पाहिजे. नात नऊ वर्षांची, ती सहज पास झाली. नातू पाच वर्षांचा. त्याने टाचा उंच केल्या, मान ताणली, श्वास रोखून धरला, तरी चार बोटं कमीच भरला. मग तो रडत रडत आईबरोबर बाहेरच्या प्रदर्शनात राहिला. तिथं विमानाचे भाग, इंजिन असं खूप काही आहे. परत आलो तेव्हा साहेब इतके रमले होते की निघायलाच तयार नव्हते.

आम्ही तिघं बसमध्ये बसलो. आता बालमित्रांनो, नीट ऐका. ज्या इमारतीपाशी बस जाते ती, आतल्या जागेचा हिशेब केला तर, जगातली सर्वांत मोठी इमारत आहे. आतली जागा १ कोटी ३३ लाख घनमीटर. जमीन व्यापली आहे ९८ एकर. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, म्हणून आपल्याला शनवार तेली म्हणत. त्यांना सांगितलं असतं की ९८ एकरांवर एकच छप्पर असतं, तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं! समोर सहा प्रचंड दारं आहेत. प्रत्येक दार ८२ फूट उंच, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढं. सर्वांत रुंद दारं ३५० फुटांची. तयार विमान पंखांसकट त्यातून बाहेर येतं.

ही इमारत १९६६-६७ मध्ये बांधायला घेतली ती ७४७ साठी. आपण ज्याला जम्बो म्हणतो तेच ते. इतकं मोठं विमान करायला तेवढी जागाच नव्हती, म्हणून एकीकडे कारखाना बांधत होते आणि दुसरीकडे विमान. पहिलं जम्बो ३० सप्टेंबर १९६८ ला दारातून बाहेर आलं आणि ९ फेब्रुवारी १९६९ ला उडालं. आम्ही मुंबई सोडली त्याच १९७१ साली एअर इंडियाचं पहिलं जम्बो मुंबईत आलं. लोक सांताक्रूझला ते बघायला जायचे. आणि मे १९९१ मध्ये इथिओपियाच्या ज्यू बांधवांना आणलं तेव्हा एल अलच्या एका जम्बोत एका फेरीत हजाराहून जास्त माणसं बसली होती, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एल अलने २०१९ मध्ये जम्बो बंद केली. कारखान्यातूनही शेवटचं जम्बो डिसेंबर २०२२ मध्ये बाहेर पडलं. एकूण १,५७४ झाली.

आत आम्ही एका उंच गॅलरीत उभे राहिलो. खाली पाहिलं आणि मला काही बोलताच येईना. मला वाटलं होतं, कारखाना म्हणजे काळोख, तेल, धूर. इथं सगळं लख्ख. दिवेच दिवे. थंडीत इमारत तापवायला वेगळी सोय नाही, दिव्यांची आणि यंत्रांची ऊब पुरते, असं सांगतात. खाली ७७७ विमानं उभी. छपराला लागून क्रेन फिरतात आणि विमानाचा अख्खा तुकडा उचलून नेतात. माणसं मुंग्यांएवढी दिसतात. जागा इतकी लांबरुंद की कामगार सायकलवरून ये-जा करतात. इमारतीखाली चालायला भुयारंही आहेत.

एका ७७७ मध्ये साधारण तीस लाख भाग असतात. ते देशोदेशीहून येतात. २००६ पासून या विमानासाठी सरकती लाइन आणली. म्हणजे काम चालू असताना विमान हळूहळू पुढं सरकत जायचं, मिनिटाला फक्त ४ सेंटिमीटर. नात म्हणाली, "आजी, तू यापेक्षा भरभर चालतेस!" म्हटलं, बरं झालं बाई, कोणापेक्षा तरी भरभर चालते.

विमानांचे रंग बघून नात गोंधळली. बहुतेक धडं हिरवी. हा हिरवा थर पत्र्याला ओरखडे पडू नयेत, गंज लागू नये म्हणून असतो. खरा रंग शेवटी देतात. पण शेपटीचं हलतं सुकाणू मात्र आधीच रंगवून बसवतात, कारण रंगालाही वजन असतं आणि सुकाणूचा तोल अगदी बरोबर लागतो. त्यामुळे विमान कोणाचं हे शेपटीवरून कळतं. नातीने निळा मागेन दावीद पुष्कळ शोधला, पण त्या दिवशी एल अलचं विमान नव्हतं.

आमचे मार्गदर्शक साठी ओलांडलेले गृहस्थ होते. पूर्वी ते स्वतः रिवेटचं काम करायचे. हे कळल्यावर मी मुलाला कोपराने ढोसलं, "त्यांना विचार, रिवेट मारतात कसं?"

त्यांनी हातांनी करूनच दाखवलं. पत्र्याला भोक पाडायचं, रिवेट घालायचा. एक माणूस बाहेरून हवेच्या हातोड्याने रिवेटच्या डोक्यावर मारतो. दुसरा आतून शेपटीला जाड लोखंडी ठोकळा लावून धरतो, म्हणजे शेपूट दबून बसते आणि पत्रे पक्के होतात. पुष्कळसं काम आता यंत्रं करतात, पण पूर्वी सगळं जोडीने चालायचं.

नातीने विचारलं, "पण मध्ये तर पत्रा आहे. एकमेकांना दिसत नाही, आवाजही एवढा. मग ते बोलतात कसे?"

ते म्हणाले, "ठोकून. आतला माणूस रिवेट तपासतो आणि पत्र्यावर खूण करतो. एकदा ठोकलं तर अजून थोडं मार. तीनदा ठोकलं तर बिघडला, काढून टाक."

"आणि दोनदा?"

"दोनदा म्हणजे छान झालं. पुढं चल."

मुलाने मला मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता तोच थांबला. त्यालाही टेबल आठवलं. मी कठडा धरून उभी राहिले. अठ्ठावीस वर्षं आणि त्यापुढं निवृत्तीची पंधरा वर्षं, तो माणूस रोज मला सांगत होता, छान झालं. आणि मी रोज ताट आपटून उचलत होते.

नात म्हणाली, "आजी, डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, "काही नाही, दिवे फार आहेत."

मुलाने मग गॅलरीतच मला आणखी एक सांगितलं. त्याच वर्षी ५ जानेवारीला अमेरिकेत एका नव्या ७३७ विमानाच्या बाजूचा तुकडा हवेत उडून गेला होता. ते विमान रेंटन गावच्या कारखान्यात तयार झालं होतं. तुकडा धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, असं तपासात निघालं. माणसं वाचली, देवाची कृपा. लाखो भागांतले चार बोल्ट! तेव्हा मला कळलं की आत बसलेल्या माणसाची दोन किंवा तीन टक टक किती मोलाची. घाई असली, थकवा असला, तरी बिघडलेल्या रिवेटला दोनदा ठोकायचं नाही. आमच्या ह्यांनी जेवण खारट झालं की एकदाही ठोकलं नाही, तेही मला तिथंच आठवलं. म्हणजे खोटी खूण त्यांनी घरीही केली नाही.

शेवटी त्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. तिथून पेन फील्डची धावपट्टी दिसते. वारा सुटला होता. एक विमान उडालं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विमानाकडे बघताना पंखांऐवजी पत्र्यांचे सांधे शोधत होते.

तिकडे कोणी जाणार असेल तर सूचना देते. तिकीट आधी काढा. उन्हाळ्यातही स्वेटर घ्या. पायात नरम बूट घाला, थोडं चालावं लागतं. सहल दीड तासाच्या आत संपते. चार फुटांखालच्या नातवंडांची समजूत घरीच काढून ठेवा.

रामल्याला परत आल्यावर मी कबरस्तानात गेले. दगड ठेवला आणि बोटाने दोनदा टक टक केलं. उशीर झाला, पण केलं.

आपल्यातले कितीतरी जण तअसियात, बंदरात, गिरण्यांत राबले आणि घरी येऊन गप्प बसले. मुलांनो, तुमच्या घरी असे आजोबा, नाना असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्ही कामावर नक्की काय करत होता?" ते म्हणतील, "दुसरं काय?" तरी उठू नका. पुन्हा विचारा.