खपली आणि कल्हई

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन करताना रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांचा लेख हाती आला. विषय होता, पुनर्भारित बॅटरीतील लिथियम धातूचे क्षरण. मराठीच्या प्राध्यापकाला साजेशा आत्मविश्वासाने मी ‘क्षरण’ खोडून ‘गंज’ लिहिले. ते हसले. “सर, गंज लोखंडाचा. त्याला हवा आणि ओल लागते. हा धातू बंद घटात भोवतालच्या द्रावणाशीच झोंबतो.”

मग त्यांनी समजावून सांगितले. एक ग्रॅम लिथियम तत्त्वतः ३८६० मिलिअँपिअर-तास भार साठवते, ग्रॅफाइट जेमतेम ३७२. तरीही १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत ऋण ध्रुवाला धातूऐवजी कार्बन होता. कारण धातूला झाडासारखे फाटे फुटतात, ते पलीकडच्या ध्रुवाला टेकले की आग. कॅनडाच्या मोली एनर्जीला १९८९ मध्ये अशा आगीपायी आपले घट परत मागवावे लागले होते.

द्रावणाशी भिडताच धातूवर एक पातळ थर धरतो. तोच आतल्या धातूला राखतो, लिथियमच्या आयनांना मात्र वाट देतो. पेलेड यांनी १९७९ मध्ये त्याला ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज’ म्हटले. मी सुचवले, “कल्हई म्हणा की!” “कल्हई बाहेरून देतात, सर. हा थर धातूच्याच झिजेतून जन्मतो.”

दोन दिवस तो शब्द मला सोडेना. मग सुचले : खपली! जखमेच्याच रक्तातून धरणारी, तिला झाकणारी, आणि हात हलला की तडकणारी. बॅटरी भारित होताना धातू फुगतो, वापरताना आक्रसतो. खपली फाटते, ताजा धातू उघडा पडतो, पुन्हा खपली धरते. दर वेळी थोडा धातू, थोडे द्रावण कायमचे खर्ची पडते. बॅटरी नुसती पडून राहिली तरी झीज सुरूच असते. म्हणून द्रावणात फ्लोरिनयुक्त संयुगे मिसळतात, म्हणजे खपलीत लिथियम फ्लोराइड वाढून ती टिकाऊ होते. किंवा धातूवर आधीच पॉलिमरचा वा सिरॅमिकचा थर चढवतात. “इथे तुमची कल्हई चालेल,” ते म्हणाले, “फक्त ती धातूबरोबर ताणली गेली पाहिजे.” आजवरचे बरेचसे थर तिथेच हरतात म्हणे.

‘क्षरण’ मी मुकाट्याने पूर्ववत केले. दोन्ही शब्द लेखात गेले. मुद्रिते तपासणाऱ्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने समासात प्रश्नचिन्ह केले होते. मला वाटले, ‘आयन’पाशी असेल. ते ‘कल्हई’पाशी होते. बिनकल्हईच्या पितळेत आईचे ताक कसे कळकायचे, हे मग मी तिला सांगत बसलो; त्यात ‘कळकणे’ही समजावून सांगावे लागले.