नियम आणि नांव

माजी विद्यार्थ्यानें वार्षिकासाठीं चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची आज्ञा झाली. मी तत्त्वज्ञ नव्हे कीं धर्मपंडित नव्हे. परंतु शाळेच्याच दिवसांतील एक सल मनांत राहिली आहे व तिनें मला मोठमोठ्यांच्या ग्रंथांपर्यंत नेलें, ती हकीकत सांगतों.

नववींत मी वर्गाचा मॉनिटर होतों. उशिरां येणाऱ्यांचीं नांवें वहींत लिहावयाचीं, हें माझें काम. एक मुलगा नेहमीं उशिरां येई. पहाटेच्या गाडीनें आईबरोबर भाजीच्या पाट्या घेऊन तो दादरच्या बाजारास जाई आणि परत आल्यावर स्टेशनापासून धांवत शाळा गांठी. हें मला ठाऊक होतें. तरी मीं त्याचें नांव सलग अकरा दिवस लिहिलें. दंड सांचत गेला. बाराव्या दिवशीं तो आला नाहीं; पुढें कधींच आला नाहीं. मी वही घेऊन सरांपुढें उभा राहिलों व म्हणालों, "सर, मीं नियमाप्रमाणेंच केलें." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नियम तूं केला नाहींस, हें खरें. पण नांव तूंच लिहिलेंस ना?"

त्या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. पुढें वाचनाची गोडी लागली, तेव्हां समजलें कीं हाच प्रश्न जर्मनींतील प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र्यांना व तत्त्ववेत्त्यांना चार शतकें छळीत होता.

मार्टिन लूथरनें 1523 सालीं राजसत्तेवर एक ग्रंथ लिहिला. परमेश्वराचा कारभार दोन प्रकारें चालतो, असें त्याचें मत. एक आत्म्याचा, शुभवर्तमानाच्या द्वारें. दुसरा बाह्य जीवनाचा, कायद्याच्या व तलवारीच्या द्वारें. राजाची आज्ञा देहावर व मालमत्तेवर चालेल, आत्म्यावर चालणार नाहीं. विचार मोठा, पण दोनच वर्षांनीं शेतकऱ्यांनीं बंड केलें, तेव्हां तें निर्दयपणें मोडावें, असें त्यानेंच राजांना लिहिलें. हजारों माणसें मारलीं गेलीं.

पुढें कांट झाला. कोनिग्सबर्गच्या भक्तिमार्गी घरांत तो वाढला. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, त्यास साध्यही मानावें, हें त्याचें शिकवणें प्रसिद्ध आहे. परंतु राजाविरुद्ध उठण्याचा हक्क प्रजेस आहे, हें त्यानें 1797 सालच्या ग्रंथांत साफ नाकारलें. हेगेल ट्यूबिंगेनच्या धर्मशाळेंत शिकलेला. कायदा म्हणजे स्वातंत्र्यास आलेलें मूर्त रूप आणि राज्य म्हणजे नीतितत्त्वाचें प्रत्यक्ष रूप, असें त्यानें 1821 च्या ग्रंथांत मांडलें. कोणतेंही सरकार न्याय्यच असतें, असें त्याचें म्हणणें नव्हतें; पण पुष्कळांनीं तसा अर्थ घेतला.

या विचारांची खरी कसोटी 1933 नंतर लागली. हिटलरच्या राज्यांत कायद्याच्याच भाषेंत ज्यूंचे हक्क हिरावले गेले. कारकुनांनीं याद्या केल्या, न्यायाधीशांनीं निकाल दिले, सारें नियमाप्रमाणें. मे 1934 मध्यें बार्मेन येथें कांहीं प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं जाहीरनामा काढला. न्याय व शांतता राखणें हें राज्याचें देवदत्त काम आहे, पण मनुष्याचें संपूर्ण जीवन आपल्या कह्यांत घेण्याचा अधिकार त्यास नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. तो बहुतांशीं कार्ल बार्थनें लिहिला. हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ त्यानें नाकारली व बॉन विद्यापीठांतील त्याची जागा गेली. त्याच विद्यापीठांत डॉ. आंबेडकरही दहा-बारा वर्षांपूर्वीं कांहीं काळ होते. बार्मेनच्या जाहीरनाम्यांत ज्यूंच्या छळाविषयीं मात्र एक शब्दही नव्हता. ती आपली चूक, हें बार्थनेंच पुढें मान्य केलें. डिट्रिख बॉनहोफर 1934 मध्यें गांधीजींच्या आश्रमांत येऊं इच्छीत होता. येणें घडलें नाहीं. हिटलरविरुद्धच्या कटांत तो सामील झाला व 9 एप्रिल 1945 रोजीं त्यास फांसावर चढविण्यांत आलें. 1949 सालीं पश्चिम जर्मनीचें संविधान झालें, त्याच्या पहिल्याच कलमांत मानवी प्रतिष्ठा अभंग आहे, असें घातलें गेलें.

हें सारें वाचून मी एके संध्याकाळीं वसईच्या किल्ल्यांत गेलों. 1534 च्या तहानें येथें पोर्तुगीज आले, 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला, 1802 च्या तहानें इंग्रजांचें पाऊल पडलें. प्रत्येकानें आपला कायदा आणला. आज पडक्या मठांच्या भिंतींवर झाडें वाढलीं आहेत. पण वाडींतल्या बावखलांतून पाणी काढून पानवेली व केळी शिंपणारीं माणसें प्रत्येक राज्यांत तींच राहिलीं. राज्य माणसासाठीं आहे, हें मला ग्रंथांपेक्षां त्या भिंतींनीं अधिक स्पष्ट सांगितलें. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमांत सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आहे. तें अशा अनुभवांतूनच सर्वांस कळूं लागतें.

तर मग नियम मोडावा काय? नाहीं. वही नसती, तर मीं ओळखीच्यांना सोडलें असतें व गरिबांना धरलें असतें. नियमानें तेवढा पक्षपात टाळला. माझा दोष नांव लिहिण्यांत नव्हता. जें मला ठाऊक होतें तें मीं दडविलें. नांवासमोर कारण लिहावयाचें होतें, आणि पहिल्याच दिवशीं सरांकडे जाऊन बोलावयाचें होतें. अकरा दिवस मीं स्वतःस नियमामागें लपविलें.

आज तुमच्यांतही कोणी मॉनिटर असेल. वही नीट ठेवा, बाळांनो. पण उशिरां येणाऱ्यास एकदां विचारा, "कां रे उशीर झाला?" आणि तो जें सांगेल तेंही लिहा.