मेंदूतला चिमुकला ब्रेक

बालदोस्तांनो, सायकल शिकताना नुसतं पायडल मारता आलं म्हणून घरचे तुम्हाला रस्त्यावर सोडतात का? छे! आधी ब्रेक लावता यायला हवा. आपल्या मेंदूतही असे ब्रेक आहेत बरं का. त्यांची गोष्ट मला फार आवडते.

आमच्या शाळेच्या पुस्तकात आरएनए म्हणजे निरोप्या, एवढंच असायचं. डीएनएमधला निरोप तो नेतो आणि त्यावरून पेशी प्रथिनं बनवते. पण काही आरएनए अगदीच चिमुकले, जेमतेम २२ अक्षरांचे. त्यांच्यावरून कुठलंच प्रथिन बनत नाही. मग ते करतात तरी काय? व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत याचं उत्तर शोधलं. हे चिमुकले आरएनए दुसऱ्या निरोपांना चिकटून त्यांना अडवतात! या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे हे काम एकट्याचं नाही. 'आर्गोनॉट' नावाचं प्रथिन या आरएनएला घट्ट धरून ठेवतं. कुठला निरोप अडवायचा, हे आरएनएला कळतं. अडवण्याची यंत्रणा प्रथिनाकडे असते. एकाकडे पत्ता, दुसऱ्याकडे ताकद!

आता मेंदूत शिरू या. चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक बारीक कोंब असतात. शेजारच्या पेशींचे संदेश ते झेलतात. उंदरांच्या चेतापेशींत असा एक चिमुकला आरएनए, क्रमांक १३४, कोंब वाढवणाऱ्या प्रथिनाचा निरोप रोखून धरतो, असं २००६ साली दिसलं. पेशीला 'बीडीएनएफ' हे चेतना देणारं प्रथिन मिळालं, की ब्रेक सुटतो. प्रथिन तिथल्या तिथे बनायला लागतं आणि कोंबाला वाढता येतं.

हे वाचलं आणि मला आमचे एक गुरुजी आठवले. पाढा चुकला की म्हणायचे, "याच्या डोक्यात दगड भरलेत!" ते वाक्य मला कितीतरी वर्षं बोचत होतं. एका आरएनएवरून कुणाची हुशारी मोजता येत नाही, हे खरंच. पण शिकताना, सराव करताना मेंदूतले हे कोंब बदलतात, हेही तितकंच खरं.

तेव्हा दोस्तांनो, कुणी 'ढ' म्हणालं तर रडत बसू नका. पाढा पुन्हा म्हणा. दगडाला काही कोंब फुटत नाहीत!