किल्डेअरचा अग्नि

चिरंजीव नोकरीनिमित्त डब्लिन येथें राहतात. सौभाग्यवतींच्या निधनानंतर त्यांनीं पुष्कळदां आग्रह केला, तेव्हां गेल्या पौषांत मी तिकडे जावयास निघालों. आमचें घर कृष्णाकांठचें, चार पिढ्यांचें. पूर्वीं त्यांत पंक्तीला वीस पानें मांडलीं जात. आतां धाकटे बंधू पुण्यास आणि आम्ही दोघें येथें, असें होतां होतां मी एकटाच उरलों होतों. घराला कुलूप लावावयाचें म्हणजे देवघरांतील नंदादीपाचें काय, हा प्रश्न आला. तो दिवा माझ्या आजीनें लावलेला. पुढें आईनें आणि नंतर छत्तीस वर्षें सौभाग्यवतींनीं राखला. देव बंधूंकडे पोंचविले, पण दिवा कांहीं गाडींतून नेतां येत नाहीं. निघावयाच्या दिवशीं पहांटे मींच तो शांत केला. चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, त्यांत सांत्वनाचीं सुभाषितें थोडींथोडकीं नव्हतीं. त्या वेळीं त्यांतलें एकही आठवलें नाहीं.

फेब्रुवारीची पहिली तारीख हा आयर्लंडांत संत ब्रिजिडचा दिवस. २०२३ सालापासून तेथील सरकारनें या सणाप्रीत्यर्थ सार्वजनिक सुटी सुरू केली आहे. त्या सुमारास सूनबाई म्हणाल्या, “नाना, तुम्हांला आवडेल असें एक ठिकाण आहे. तेथें अग्नीची पूजा होती म्हणतात.” चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांची नात व मी असे आगगाडींत बसून किल्डेअरला गेलों. डब्लिनहून नैर्ऋत्येस सुमारें ५० किलोमीटरांवर हें लहानसें गांव आहे. ‘किल् दारा’ म्हणजे ओक वृक्षाचें देवालय. ओक हा केल्ट लोकांचा पूज्य वृक्ष. आपल्याकडे पिंपळाखालीं पार, तसें ओकाखालीं ब्रिजिडनें आपलें मंदिर बांधिलें, अशी आख्यायिका आहे. तिचा काळ इसवी सनाचें पांचवें-सहावें शतक. मृत्यु सुमारें ५२५ सालीं झाला असें परंपरा सांगते.

गांवाच्या पूर्वेस करा नांवाचें मोठें गायरान पसरलेलें आहे. सुमारें ५००० एकरांची ही मोकळी हिरवळ. मेंढ्या चरतात आणि एका बाजूस प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यती होतात. ही भूमि ब्रिजिडला कशी मिळाली याची कथा त्या देशांतील लहान मुलेंही सांगतात. मठासाठीं जागा मागितली असतां लेन्स्टरचा राजा नाहीं म्हणाला. “निदान माझ्या झग्याखालीं मावेल एवढी तरी दे,” असें ती म्हणाली. राजा हंसला आणि हो म्हणाला. मग चार कुमारिकांनीं झग्याचीं चार टोकें धरलीं व चार दिशांस चालूं लागल्या. झगा वाढतच गेला व सारें मैदान त्यानें झांकलें. ही कथा ऐकतांच नात मला म्हणाली, “आजोबा, हा तर वामन!” मला मोठी धन्यता वाटली. पण मग तीच विचारती झाली, “राजाला पाताळांत घातलें का?” नाहीं घातलें. राजा उलट तिचा शिष्य झाला. वामनानें घेतलें राज्य, आणि हिनें घेतलें गायरान. मला हिची मागणी अधिक घरगुती वाटली.

ब्रिजिडचें देवालय आज दिसतें तें तेराव्या शतकांतलें, व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जीर्णोद्धार केलेलें. शेजारीं सुमारें ३२ मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. त्यावर चढतां येतें असें समजलें, पण माझ्या गुडघ्यांनीं त्या वार्तेची दखल घेतली नाहीं. मला पाहावयाचें होतें तें निराळेंच. आवारांत उत्तरेच्या बाजूस गुडघ्याएवढ्या दगडी भिंतींचा एक चौकोन आहे; आंत नुसतें गवत. हेंच अग्निगृह. आपल्या गांवीं पडक्या गोठ्याचा चौथरा असतो, त्याहून अधिक कांहीं नाहीं.

या जागेचें वर्णन वेल्सच्या जेराल्ड नामक धर्मोपदेशकानें करून ठेविलें आहे. हा ११८५ सालीं इंग्लंडच्या राजपुत्राबरोबर आयर्लंडांत आला. तो लिहितो कीं, येथें ब्रिजिडच्या काळापासून अग्नि अखंड जळत आला असून इतकें लांकूड जळूनही राख वाढत नाहीं. ब्रिजिड असतांना अग्नि राखणाऱ्या वीस होत्या. ती गेल्यावर एकोणीसच राहिल्या, विसावी जागा कोणी भरली नाहीं. रोज रात्रीं एकीची पाळी. विसाव्या रात्रीं शेवटची जोगीण लांकडें रचून ठेवी आणि ब्रिजिडलाच सांगून निघून जाई कीं आजची पाळी तुझी. सकाळीं लांकडें जळलेलीं व अग्नि जागा असे. भोंवतीं झुडपांचें कुंपण होतें व पुरुषास आंत प्रवेश नव्हता.

आणखी एक नियम वाचून मी थबकलों. त्या अग्नीला तोंडानें फुंकावयाचें नाहीं. भात्यानें वा सुपासारख्या साधनानेंच वारा घालावयाचा. एका धनुर्धारी शिपायानें कुंपणावरून उडी मारून अग्नि तोंडानें फुंकला आणि त्यास तत्काळ वेड लागलें. जो भेटेल त्याच्या तोंडावर तो फुंकर मारीत सुटला, व अखेर तहानेनें पाणी पिऊन पिऊन फुटून मेला, असें जेराल्ड सांगतो. आतां मुखानें अग्नि फुंकूं नये हा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत स्पष्ट आहे. आमची आजी चुलीसाठींसुद्धां फुंकणीच वापरी. सात समुद्रांपलीकडे, पावसांत भिजलेल्या त्या चौकोनाशीं उभें राहून मला आजीच्या हातांतली पितळी फुंकणी दिसूं लागली.

खरें सांगावयाचें तर इतिहासाची बाजू इतकी सोपी नाहीं. कोगिटोसस नांवाच्या साधूनें सातव्या शतकांत ब्रिजिडचें चरित्र लिहिलें. त्यांत तिनें लोणी गरिबांस वाटलें तरी तें पुन्हां भरून आलें वगैरे चमत्कार आहेत, परंतु या अग्नीचा उल्लेख नाहीं. म्हणजे अग्नि प्राचीन कीं मधल्या काळांत सुरू झालेला, याचा निर्णय कागदावरून होत नाहीं. दुसरीकडे कॅशेलचा राजा व धर्माध्यक्ष कॉर्मॅक, जो ९०८ सालीं युद्धांत मारला गेला, त्याच्या नांवाच्या शब्दकोशांत ब्रिजिड ही संत नव्हे, तर कवींची आराध्य देवता म्हणून येते. तिच्या त्याच नांवाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची व दुसरी लोहारकामाची. जुनी देवी नव्या धर्मांत संत होऊन राहिली असें पुष्कळ विद्वान् मानतात. ‘ब्रिजिड’ हा शब्द आणि आपला ‘बृहती’ हा शब्द एकाच मुळाचे आहेत. थोर, उन्नत असा त्याचा अर्थ. आणि मौज अशी कीं, या कोशाचें इंग्रजी भाषांतर १८६८ सालीं छापून निघालें तें कलकत्त्यास! संपादक व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा; पुढें १८७७ ते १८८२ पर्यंत तो व्हाइसरॉयच्या मंडळांत कायद्याचा सभासद होता. दिवसा आपल्या देशाचे कायदे आणि फावल्या वेळीं स्वतःच्या देशाच्या पोथ्या, असा त्या गृहस्थाचा क्रम होता.

येथें माझ्यासारख्या माणसाला एक मोह होतो. आयरिश भाषेनें मूळचा पकार गिळला, म्हणून आपला ‘पितृ’ तिकडे ‘अथिर’ झाला. ‘मातृ’ ‘माथिर’ आणि ‘भ्रातृ’ ‘ब्राथिर’. ऋणकोच्या दारीं उपाशी बसून धनकोनें न्याय मागावयाचा, हें आपलें धरणें त्यांच्या जुन्या कायद्यांतही आहे. हें सारें सांपडलें कीं, “सर्व आपल्याकडूनच गेलें” असें म्हणावयास जीभ वळवळते. गाडींत मी तसें म्हणालोंही. चिरंजीव शांतपणें म्हणाले, “नाना, आत्याचा मुलगा आपल्यासारखा दिसतो, म्हणून तो काय आपला मुलगा झाला?” मी गप्प बसलों. पिता एक, भाऊ दोन, एवढेंच यावरून निघतें. आणि फुंकणीचा नियम तर कोणास आपापल्या चुलीपाशींही सुचला असेल.

आतां अग्नीचें पुढें काय झालें? डब्लिनच्या धर्माध्यक्षानें १२२० सालीं तो विझविला असें सांगतात, पुन्हां पेटला, आणि सोळाव्या शतकांत मठ मोडले गेले तेव्हां तो कायमचा गेला. त्यानंतर चार शतकें तेथें गवत होतें. १९९३ सालीं ब्रिजिडीन संप्रदायाच्या भगिनींनीं गांवच्या चौकांत तो पुन्हां प्रज्वलित केला आणि आतां आपल्या आश्रमांत त्या तो राखतात. २००६ सालीं चौकांत त्याचें एक स्मारकही झालें. आश्रमांत आम्ही गेलों. एका कांचेच्या पात्रांत बोटभर ज्योत होती. तिची देखरेख करणाऱ्या वृद्ध भगिनींस मीं माझ्या मोडक्या इंग्रजींत विचारलें, “मध्यें चारशें वर्षें गेलीं, मग हा तोच अग्नि कसा?” प्रश्न उद्धट होता हें मला विचारल्यावर कळलें. त्या हंसल्या. म्हणाल्या, “आम्हीही तेंच बोललों होतों. मग एकीनें काडी ओढली.” पुढें त्यांनीं लव्हाळ्याचा क्रूस विणावयास नातीला शिकविला. चार हातांचा तो क्रूस पाहून पुन्हां माझी जीभ वळवळली, पण या वेळीं मीं ती आवरली.

इतर स्थळें पाहिलीं, त्यांचा विस्तार करीत नाहीं. बॉइन नदीकांठचें न्यूग्रेंज अद्भुत आहे. परंतु तें सुमारें ख्रिस्तपूर्व ३२०० मधलें, केल्ट लोकांच्या फार पूर्वींचें असल्यानें या कथेंत त्यास ओढणें बरोबर नाहीं. ग्लेन्डलॉखविषयीं मात्र लिहिलेंच पाहिजे. विकलोच्या डोंगरांत दोन सरोवरांची ही दरी. एका बाजूस सुमारें ३० मीटर उंच मनोरा, आणि वरच्या सरोवराच्या कड्यांत एक लहान गुहा, जिला संत केविनची शय्या म्हणतात. याच केविनविषयीं जेराल्ड सांगतो कीं, उपवासाच्या दिवसांत तो झोपडींत प्रार्थना करीत असतां त्याचा हात खिडकीबाहेर पसरला होता. एका कस्तुर पक्षिणीनें तळहातावर घरटें करून अंडीं घातलीं. केविननें पिलें बाहेर पडेपर्यंत हात आंत घेतला नाहीं.

महाभारताच्या शांतिपर्वांतील जाजलि वाचकांस आठवला असेलच. त्याच्या जटेंत पांखरांनीं घरटें केलें, आणि पिलें उडून परत येईनाशीं होईपर्यंत तो खांबासारखा उभा राहिला. फरक पुढेंच आहे. जाजलीला गर्व झाला. “मीं धर्म मिळविला” असें तो ओरडला, आणि आकाशवाणीनें त्यास काशीच्या तुलाधार वाण्याकडे शिकावयास धाडलें. केविनची गोष्ट पिलांपाशींच थांबते. त्यापुढें काय, हें आमच्या व्यासांनीं विचारलें याचा मला अभिमान वाटला. आणि असा अभिमान वाटणें हाच जाजलीचा दोष, हेंही लगेच ध्यानांत आलें. केविनची दुसरी एक कथा आहे. मागें लागलेल्या स्त्रीला त्यानें कड्यावरून तळ्यांत लोटलें असें लोक सांगतात. जुन्या लॅटिन चरित्रांत मात्र तिला खाजकुइलीसारख्या झुडपानें मारल्याचा उल्लेख आहे. “पांखराला हात दिला आणि बाईला धक्का,” एवढेंच सूनबाई म्हणाल्या. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

वैशाखांत मी परत आलों. कुलूप उघडलें तेव्हां देवघराच्या कोनाड्यांत धूळ होती, आणि समई आडवी केलेली तशीच. फडताळांत सौभाग्यवतींनीं वळून ठेवलेल्या लांब वातींचा डबा सांपडला. अर्ध्याहून थोडा कमी भरलेला. तेल भरलें, वात घातली. आगपेटी दमट झाली होती. दोन काड्या वायां गेल्या, तिसरी पेटली. देव अद्याप पुण्याहून यावयाचे होते, तरी दिवा लाविला. रोज एक याप्रमाणें त्या वाती दिवाळीपर्यंत पुरतील. पुढच्या मला वळाव्या लागतील. शेजारच्या काकूंना विचारलें, तर त्या म्हणाल्या कीं दोन दिवसांत हात बसतो, पहिल्या मात्र जाड होतात.