पाण्याखालचे रान

मासे धरणे हा काही वार्षिकात लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे माझे मित्र म्हणतील. पण गेल्या फाल्गुनातील एका सकाळने मला जे शिकवले, ते वर्गात शिकायला मिळाले नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणपासून फार दूर नाही. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. हल्लीचे गाव वर माळावर आहे. जुन्या गावाकडे जाणारी वाट मात्र अजून आहे. ती उतारावरून सरळ पाण्यात शिरते. होळीच्या सुमारास जलाशय उतरू लागतो आणि ती वाट दिवसेंदिवस थोडी थोडी लांब होत जाते. तिच्या टोकाला बसून गळ टाकायचा, हा माझा सुट्टीतला उद्योग.

या दिवसांत ऊन चढू लागले की चिलापी उथळ पाण्यात, काठाला येते. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. आज उजनीत तो असा नांदतो, की जणू पिढीजात वतनदार! बांबूची काठी, नायलॉनची दोरी, ज्वारीच्या ताटाचा तरंगता तुकडा आणि गळाला गांडूळ, एवढ्यावर भागते. मादी आपली पिले तोंडात सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ उपाशीच असते. म्हणून सहसा गळाला लागत नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, कधी पाण्याकडे फिरकत नसत. ओट्यावरही पाण्याकडे पाठ करून बसत. मी त्यांना अरसिक समजत होतो. लांबलांबून माणसे रोहित पक्षी पाहायला येतात, आणि यांना दारातले सौंदर्य दिसू नये! त्या सकाळी मात्र ते काठी टेकत माझ्यामागे आले आणि काही न बोलता एका दगडावर बसले.

दोन चिलाप्या मिळाल्या. मग मी गळ जरा लांब फेकला. ताटाचा तुकडा बुडाला. ओढून पाहिले, तर दोरी हलेना.

"आबा, मोठा मासा दिसतोय!"

"मासा न्हाई त्यो," आबा म्हणाले. "आपल्या थारोळ्यात आडकलाय."

मी पाहतच राहिलो. ते काठीने पाण्यावर दाखवू लागले. "ही वाट म्होरं वळती. डाव्या हाताला आपली हिर, आठ पुरुस. तिच्या पल्याड बैलं बांधायचो. त्याच्याम्होरं समदं ज्वारीचं रान."

"जोर लावून ओढू का?"

"नगं लेका. तोड दोरी. ऱ्हाऊ दे तितं."

मी दोरी कापली. उजनीचा साठा सुमारे ११७ टीएमसी, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याच्याखाली आमची आठ पुरुस विहीर आहे, हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. अरसिक कोण होते, ते त्या दिवशी कळले. मला जिथे पाणी दिसत होते, तिथे आबांना अजून रान दिसत होते.

आता सुट्टीत आबा रोज माझ्याबरोबर येतात. गळ मी टाकतो. कुठे टाकायचा, ते आबा सांगतात.